मदत हवी आहे: सकाळी अर्धा तास शांतता हवी, पण आईचा फोन चुकायला नको

रोज ६ ते ६.३० उपवन तलावाकाठी नुसतं बसायचं आहे, स्मार्टफोन घरी ठेवून. आई घरी एकटी असते, तिचा फोन मात्र लागलाच पाहिजे.

डू नॉट डिस्टर्ब लावून झालं. आईचा नंबर स्टार केलाय, तो वाजतो. पुन्हा कॉल करणाऱ्यांची सूट बंद केली, नाहीतर १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करणारा कुणीही आत येतो. सूचना लपवल्या. तरी फोन खिशात असला की हात जातोच आणि एकदा सोसायटीच्या गेट ॲपवर दूधवाल्याला 'येऊ द्या' म्हटलं की पुढची दहा मिनिटं स्क्रीनवरच जातात. म्हणून फोन सोबत नकोच.

साध्या बटणांच्या फोनवर कॉल फॉरवर्ड केले तर सगळ्यांचेच येतात. सिम ४जीवरच चालतं, त्यामुळे जुना २जी हँडसेट बाद. नवा नंबर आईच्या लक्षात राहणार नाही, ती माझ्यासाठी एकच बटण दाबून ठेवते तेवढंच. व्हॉट्सॲप ती वापरत नाही. बजेट ३,००० रुपये.

फक्त ठरावीक नंबरचेच कॉल घेणारा ४जी बटणांचा फोन कुणी वापरलाय का? कोणतं मॉडेल, आणि ती यादी कुठल्या सेटिंगमध्ये भरायची?