मदत हवी आहे : शाकाहारी सासूबाई आणि सुशी

येत्या रविवारी कोरेगाव पार्कमधील एका गजबजलेल्या सुशी रेस्टॉरंटमध्ये आम्ही सहकुटुंब जेवायला जाणार आहोत. परंतु सासूबाई कट्टर शाकाहारी आहेत. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर लावलेला भात आणि नोरी म्हणजे समुद्री शेवाळ, त्यामुळे काकडीची किंवा अव्होकाडोची माकी (नोरीत गुंडाळलेली भाताची सुरळी) त्यांना चालावी. खरी शंका मिसो सूपची (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचे सूप) आहे, कारण त्यातील दाशी हे पाणी बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. पुण्यात केवळ कोम्बूची (हेही समुद्री शेवाळच) दाशी कोठे मिळते, हे कोणी विचारून पाहिले आहे का? शिवाय सुरी आणि कापण्याचा पाट वेगळे ठेवण्याची विनंती आगाऊ फोनवर करावी, की तिथे गेल्यावर? (वासाबी या झणझणीत हिरव्या चटणीबद्दल मी त्यांना अद्याप काही सांगितलेले नाही.)