मदत हवी आहे: शेतात सापडलेलं जुनं काडतूस कुठलं? (शनिवारी निघायचंय)

मातीखालचा: रविवारी डिटेक्टर फिरवताना वीतभर खोलीवर पितळी काडतूस मिळालं. बुडावर ‘के’ आणि ‘४३’ वाचता येतंय. कुठलं असेल? लवकर सांगा, शनिवारी पुण्याला निघतोय. बाबांना द्यायचंय, त्यांची नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत झाली.

खडकीकर: के म्हणजे किर्की, आपली खडकी! १८६९ची फॅक्टरी. वडील एका नजरेत ओळखतील.

तोफखाना: थांबा. सापडलं कुठे? लांबी किती?

मातीखालचा: इंग्लंडमध्ये, केंटला. शेतमालकाची परवानगी आहे. लांबी ७८ मिमी.

निळे_आकाश: केंट म्हणजे स्पिटफायर लढाऊ विमानं! १९४०च्या हवाई लढाईत एकेका विमानाला आठ-आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या, पुंगळ्यांचा पाऊस पडायचा. नक्की त्यातलीच.

तोफखाना: ४३ साली बनलेली पुंगळी ४० साली कशी पडेल? मला काळजी वेगळीच आहे. ब्रिटिशांच्या ३०३ बोरच्या काडतुसाची रिकामी पुंगळी ५६ मिमी असते. ७८ म्हणजे पुढे गोळी बसलेली आहे. बुडाच्या मधल्या टोपीवर पिनेचा खड्डा आहे का?

मातीखालचा: नाही, टोपी सपाट आहे. कळंक चढलाय, तारेच्या ब्रशने घासू का?

तोफखाना: अजिबात नको! टोपीवर पिन आपटलेलीच नाही, म्हणजे ते जिवंत काडतूस आहे. ऐंशी वर्षं मातीत राहिलं म्हणून निकामी झालं असं धरू नका. ठेवलंय तिथेच राहू द्या, मुलांना लांब ठेवा आणि १०१ला फोन करा. स्वतः ठाण्यात घेऊन जाऊ नका.

सुगरण_सातारा: १०१ तर अग्निशमन ना?

तोफखाना: आपल्याकडे. तिकडे तो पोलिसांचा, तातडी नसलेल्या कामांसाठीचा नंबर.

मावळा७७: आमच्या शेतात नांगरताना शिवराई निघाली होती. चिंचेच्या कोळाने घासली तर चालेल का?

खडकीकर: मावळा, नवा धागा काढा. मूळ प्रश्न राहिला: ‘के’च्या पुढे काय आहे? बाण आणि ‘एफ’ असेल तर खडकीच.

मातीखालचा: हात न लावता मोबाइलने मोठं करून पाहिलं. एफ नाही, ‘५’ आहे. खाली रोमन सात.

तोफखाना: मग ‘के ५’ म्हणजे किडरमिन्स्टर, कायनॉक कंपनीचा तिथला कारखाना. रोमन सात म्हणजे मार्क सात, नेहमीची ३०३. टोपीभोवती जांभळा रंग उरलाय का पाहा, साध्या गोळीला तो लावत.

खडकीकर: बरं, माझा अंदाज चुकला.

विमानतळ_रोजचा: काहीही असो, बॅगेत घालू नका! एक काडतूस सापडलं तरी विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. विसरून राहिलं म्हणणाऱ्यांनीही कोर्टाच्या तारखा केल्या आहेत.

मातीखालचा: माझ्या डोक्यातही नव्हतं हे. सुटकेसमध्ये सॉक्सवर ठेवलं होतं, तसंच सोडलं आणि फोन केला. दोघे पोलीस आले, घेऊन गेले. बुडाचा फोटो बाबांना पाठवला. जांभळी कड आहे, डाव्या बाजूला नखाएवढी. बाबा म्हणाले, “टोपी सपाट आहे आणि तू घासायला निघाला होतास?” आता रोज फोन करून विचारतात, आणखी काही उचललं नाहीस ना.

मावळा७७: शिवराईचं कुणीतरी सांगा.