संस्थांनी मिळून ठरवलेला अग्रक्रम शेवटी कोण पाळतो?

प्रश्न

स्थानिक परिषद, आरोग्य मंडळ, पोलीस आणि अग्निशमन दल एकाच वस्तीसाठी काम करतात. पण प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे, वरिष्ठ वेगळे आणि पुष्कळदा हद्दीही वेगळ्या असतात. काही देशांनी या सर्वांना एकत्र आणणारी मंडळे कायद्याने स्थापन केली आहेत, असे वाचनात येते. कायदा त्यांना एका टेबलाशी बसवू शकेल, हे समजते. तो त्यांच्याकडून एकत्र काम करून घेऊ शकतो का, हे मात्र मला उमगलेले नाही. समजा, एकाकी वृद्धांची काळजी हा विषय सर्वांनी मिळून अग्रक्रमाचा ठरवला आणि पुढच्या वर्षी एखाद्या संस्थेवर काटकसरीची वेळ आली, तर तिची पहिली कात्री नेमकी याच सामाईक कामाला लागू नये, यासाठी काय तरतूद असते? जाणकारांनी कृपया उदाहरणे देऊन लिहावे.

प्रतिसाद १

स्कॉटलंडमध्ये हा प्रश्न आधी येऊन गेला आहे. तेथे २००३च्या कायद्याने सामूहिक नियोजनाचा मुख्य भार स्थानिक परिषदेवर टाकला होता आणि इतर संस्थांनी त्यात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा होती. २०१५च्या कायद्याने हे चित्र बदलले. नियोजन चालते ठेवण्याची जबाबदारी आता परिषद, आरोग्य मंडळ, पोलीस, अग्निशमन सेवा आणि उद्योगविकास संस्था या सर्वांवर आहे आणि ठरलेल्या उद्दिष्टांसाठी भागीदार संस्थांनी पैसा, माणसे व इतर साधने द्यावीत, असेही कायदा म्हणतो. किती द्यायचे, हा आकडा मात्र कायद्यात नाही. ज्या वस्त्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र आराखडा करावा लागतो, ही मला त्यातली सर्वांत मोलाची तरतूद वाटते, कारण संपूर्ण जिल्ह्याच्या सरासरीत अशा वस्त्या सहज लपून जातात.

खरी अडचण पैशाच्या वाटेत आहे. घरातली ओल काढण्याचा खर्च गृहनिर्माण विभाग करतो, पण श्वसनविकाराचे रुग्ण कमी झाल्यामुळे होणारी बचत रुग्णालयाच्या हिशेबात दिसते. ज्याने खर्च केला त्याच्या पदरात बचत पडत नाही, म्हणून त्याला पुढच्या वर्षी हात आखडता घ्यावासा वाटतो. वेळीच प्रतिबंध केला असता तर टळला असता असा खर्च सार्वजनिक सेवांवरील एकूण खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत असू शकतो, असा अंदाज तेथील सार्वजनिक सेवांच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या क्रिस्टी आयोगाने २०११मध्ये मांडला होता.

प्रतिसाद २

पैशाइतकीच माहितीही अडून राहते. वेल्समधील कार्डिफ शहरात मुखशल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की, मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या पुष्कळ लोकांची नोंद पोलिसांकडे झालेलीच नसते. मग अपघात विभागातील स्वागतकक्षातच हल्ला कोठे झाला, केव्हा झाला आणि कशाने झाला, एवढेच विचारून घेण्याची पद्धत सुरू झाली. रुग्णाचे नाव वगळून ही माहिती नियमितपणे पोलिसांना आणि परिषदेला दिली जाऊ लागली. त्यावरून गस्तीच्या वेळा व जागा बदलल्या गेल्या आणि मद्यालयांविषयीचे निर्णयही घेतले गेले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तुलनेसाठी घेतलेल्या शहरांच्या मानाने कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण बरेच कमी आढळले. येथे कोणत्याही संस्थेला आपले अधिकार दुसऱ्याच्या हाती द्यावे लागले नाहीत. एका खिडकीवर तीन प्रश्न जास्त विचारले गेले, आणि त्यांची उत्तरे रोजच्या कामात वापरणारे कोणीतरी पलीकडे होते.

प्रतिसाद ३

वरील उदाहरण मला मान्य आहे, पण मूळ प्रश्न हमीचा आहे. वेल्सच्या २०१५च्या कायद्यानुसार सार्वजनिक सेवा मंडळांत परिषद, आरोग्य मंडळ, अग्निशमन प्राधिकरण आणि नैसर्गिक संसाधन संस्था हे वैधानिक सदस्य असतात. मंडळाला आधी भागाच्या स्थितीचे मूल्यांकन, मग आराखडा आणि त्यानंतर वार्षिक प्रगती अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्याच्या कामाची छाननी परिषदेची समिती करते. म्हणजे तेथील कायद्याचा भर आर्थिक हमीपेक्षा जाहीर जाब विचारण्यावर आहे. तो जाब परिणामकारक व्हायचा असेल, तर अग्रक्रम मोजकेच असले पाहिजेत. वीस विषय अग्रक्रमाचे म्हणून लिहिले की प्रत्येक संस्था आपले चालू काम त्यांपैकी कशात तरी बसवते आणि अहवाल भरून जातो. शिवाय प्रत्येक विषयापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाची ओळ, लिहिलेले असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. कात्री लागलीच, तर ती कोणत्या ओळीवर लागली, हे निदान सर्वांना दिसेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. लेखाशीर्षाची सूचना मला सर्वांत उपयोगी वाटली. ओल काढण्याच्या उदाहरणावरून एक उपप्रश्न: रुग्णालयाने आपल्या बचतीचा काही भाग गृहनिर्माण विभागाला द्यायचा ठरवले, तर ती बचत मोजायची कोणी आणि किती वर्षांनी?