जजचं नाव तरी यादीतून काढा

वैदेही_फ्रीमाँट

२०२४ च्या कॅलिफोर्नियातल्या निवडणुकीआधी एका रविवारी सकाळी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'आपल्या माणसांसाठी मतदानाची शिफारस' नावाची यादी येऊन पडली. वर मंडळाचं बोधचिन्ह, खाली 'कार्यकारिणीतर्फे'. प्रॉप (प्रपोझिशन, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) ३६ ला, म्हणजे चोरी आणि अमली पदार्थांच्या शिक्षा कडक करायला, हो. ३३, ३२ आणि ५ ला नाही. शाळेच्या बाँडला (शाळांच्या इमारतींसाठी काढायचं आणि प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायचं कर्ज) नाही. आणि इथे जजही मतदानाने निवडतात, म्हणून अगदी शेवटी सुपीरियर कोर्टाच्या जागेसाठी एक नाव, त्यापुढे दोन शब्द : 'कडक, ओळखीतले'. तासाभरात खाली अंगठ्यांची रांग लागली. एकीने लिहिलं, 'बरं झालं, आता टपाली मतपत्रिकेचं पाकीट भरून टाकते.'

हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट, आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत मिळालेली धर्मादाय संस्था आहे. अशा संस्थेने कुठल्याही उमेदवाराची शिफारस करायची नाही हा कायदा १९५४ पासूनचा आहे. प्रपोझिशनवर मर्यादेत राहून मत मांडता येतं, उमेदवारावर नाही, आणि जज हा उमेदवारच असतो. उद्या कोणी तक्रार केली तर देणग्यांवरची करसवलत धोक्यात येईल. मग गणपतीचा हॉल कशातून घेणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'कडक' म्हणजे काय? सुपीरियर कोर्टात फक्त चोर-दरोडेखोर येत नाहीत. घटस्फोट, मुलांचा ताबा, इच्छापत्रं, घरमालक-भाडेकरूंचे खटले, सगळं तिथेच चालतं. आपली माणसं कोर्टाची पायरी चढतात ती बहुतेक याच कामांसाठी. तिथे कडक जज म्हणजे कोणाशी कडक? आणि 'ओळखीतले' हा जजचा गुण कधीपासून झाला? समोरच्या पक्षकाराच्या ओळखीतला जज तुमच्या वाट्याला आला तर चालेल?

माहिती नसेल तर ती जागा कोरी सोडता येते. बाकीचं मत बाद होत नाही. हे मात्र यादीत कुठेच लिहिलेलं नाही.

नाना_सॅनहोजे

यादी मी केली आहे, त्यामुळे उत्तर मीच देतो.

मी १९९३ साली इथे आलो. सिटिझनशिप मिळाल्यावर पहिला बॅलट हातात घेतला तेव्हा रडकुंडीला आलो होतो. प्रेसिडेंट, काँग्रेस, असेंब्ली, शाळेचं बोर्ड, पाण्याचं बोर्ड, दहाबारा प्रपोझिशन्स, आणि जज! आपल्याकडे कधी कोणी जजला मत दिलंय? विचारायचं कोणाला? त्या वेळी ऑफिसमधल्या एका वयस्कर चिनी सहकाऱ्याने त्यांच्या समाजाची यादी दाखवली. तेव्हापासून मनात होतं की आपल्या लोकांसाठीही असं काही असावं. गेली कित्येक वर्षं रात्री जागून करतोय, कोणाकडून पैसा घेत नाही.

पक्ष याद्या काढतात, युनियन काढते, पेपर काढतात, रिअल्टर मंडळी काढतात. आपण काढली की लगेच पाप?

आणि कोरं सोडा म्हणता, तर लोक कोरं सोडत नाहीत, नाव बघून मत देतात. २००६ चं लॉस एंजेलिसचं प्रकरण आठवा. झिन्त्रा यानाव्स वीस वर्षं जज होत्या, बार असोसिएशनने (वकिलांच्या संघटनेने) त्यांना सगळ्यात वरचा दर्जा दिलेला. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंचं बेगलचं दुकान होतं आणि बारने त्यांना अपात्र ठरवलं होतं. निवडून आल्या दुकानवाल्या बाई, कारण त्यांचं नाव सरळ अमेरिकन होतं. शेवटी गव्हर्नर श्वार्झनेगरने यानाव्सबाईंना पुन्हा नेमलं म्हणून त्या राहिल्या. उद्या तिथे कुलकर्णी किंवा वाघमारे असेल तेव्हा यादीच कामाला येईल.

वैदेही_फ्रीमाँट

नाना, तुमच्या कष्टांबद्दल शंका नाही. पण यानाव्सबाईंचं उदाहरण तुमच्याविरुद्ध जातं. बार असोसिएशन उमेदवाराकडून माहिती मागवते, त्याच्यासमोर आणि विरुद्ध काम केलेल्या वकिलांना विचारते, मग दर्जा ठरवते. तुम्ही कोणाला विचारलंत?

राजगिरा

जजचं मला कळत नाही, पण प्रॉप ३६ वर कोणी काही बोलणार असेल तर आधी माझ्या दुकानात आठवडाभर उभं राहावं. माझं किराण्याचं दुकान आहे. तोच मुलगा तीनदा आला, तुपाचे डबे, केशर, बदामाची पाकिटं पिशवीत भरून निघून गेला. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे बघून हसला. पोलिसांना फोन केला तर म्हणे ९५० डॉलरच्या आत असेल तर रिपोर्ट ऑनलाइन भरा. २०१४ मध्ये किरकोळ चोऱ्यांची शिक्षा सौम्य करणाऱ्या प्रॉप ४७ ची ही मेहेरबानी. आणि जूनमध्ये सनीवेलला पीएनजीच्या दुकानावर वीसेक जण हातोडे घेऊन तुटून पडले, ते विसरलात? नानांची यादी बरोबर आहे. कडक जजच हवा.

कोकणकडा

राजगिराताई, तुमच्या दुकानाबद्दल खरंच वाईट वाटतं, आणि तुमच्यासारख्या प्रकाराला ३६ लागू पडतं हे मान्य. आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्याने पुन्हा चोरी केली तर रक्कम कितीही असो, फेलनी (गंभीर गुन्हा) लावता येईल.

पण पीएनजीचं उदाहरण इथे बसत नाही. हातोडे घेऊन लाखोंचे दागिने लुटणं आजही फेलनीच आहे, प्रॉप ४७ च्या आधीही होतं, नंतरही आहे. त्यासाठी ३६ ची गरज नाही. यादीत फक्त 'हो' लिहिलं की लोक पीएनजी आठवून हो म्हणणार. ३६ मध्ये अमली पदार्थांसाठी सक्तीच्या उपचारांची वेगळी तरतूद आहे, ती ग्रुपवर किती जणांनी वाचली असेल?

राजगिरा

वाचायला दुकान बंद करू का? तुमच्यासारखी घरून काम करायची सोय आम्हाला नाही.

पारिजात

कडक जजवरून जज पर्स्की आठवला. २०१६ मध्ये स्टॅनफर्डच्या त्या पोराला लैंगिक अत्याचाराबद्दल ६ महिने दिले आणि तो ३ महिन्यांत बाहेर आला. माझी मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. पीडितेचं निवेदन आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभं राहून वाचलं आणि नंतर दोघीही बोललो नाही. २०१८ मध्ये रिकॉलच्या (मुदतीआधीच मतदानाने जजला काढायच्या) कागदावर सही केली, मत दिलं, जज गेला. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर पहिल्यांदा कोणा जजला लोकांनी असं घालवलं. मला त्याचा अभिमान आहे. जज लोकांना उत्तरदायी असलाच पाहिजे.

कोकणकडा

पारिजातताई, तुमचा संताप मला समजतो, माझाही तसाच होता. पण मी तेव्हा विरोधात मत दिलं, आणि का ते सांगतो. त्याआधीच्या वर्षी मी ज्यूरी ड्यूटीवर अकरा दिवस होतो. आरोपी मेक्सिकन मुलगा, एकोणीस वर्षांचा, आई रोज मागच्या बाकावर. जजने प्रत्येक वेळी दुभाष्याचं पूर्ण होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं, वकील वैतागले तरी. असा माणूस उद्या सौम्य शिक्षा देताना मनात रिकॉलचा विचार करणार असेल, तर त्याची झळ स्टॅनफर्डच्या पोराला नाही, त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला लागणार. काउंटीतले कितीतरी पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारकडून मिळणारे वकील) रिकॉलच्या विरोधात का होते, याचा विचार करा.

पारिजात

माझ्या मुलीसाठी कोणी थांबलं असतं का, एवढंच सांगा.

(पब्लिक डिफेंडरांचा मुद्दा माझ्या नवऱ्यानेही तेव्हा मांडला होता. तेव्हा भांडले होते. अजून पटलेला नाही, पण चुकीचा आहे असंही म्हणवत नाही.)

वकील_सदाशिवपेठ

मुळात जजला मतं मागायला लावणं हाच वेडेपणा आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. त्यांना दर सहा वर्षांनी शनिवारवाड्यासमोर हात जोडत फिरावं लागलं असतं तर? आमच्याकडे एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होतात. अभ्यास करा, पास व्हा, खुर्चीत बसा.

कोकणकडा

आणि निकाल दिल्यावर रामशास्त्र्यांना पद सोडून जावं लागलं, ते कोण सांगणार? सत्तेवर बसलेलाच आरोपी निघाला तर नेमणुकीने काय साधलं? वरच्या कोर्टांत तुमच्याकडे कॉलेजियम आहे, म्हणजे जजच जज निवडतात; नातेवाईक वकिली करत असलेल्या जजसाठीचा 'अंकल जज' हा शब्द तुमच्याकडचाच. २०१५ मध्ये नेमणूक आयोगाचा कायदा रद्द झाला तो कोर्टाच्याच हातून. आणि इथेही मधल्या काळात जागा रिकामी झाली की गव्हर्नरच नेमतो. पुढे विरोधात कोणी उभं राहिलं नाही तर ते नाव बॅलटवर येतसुद्धा नाही.

वकील_सदाशिवपेठ

अंकल जजचं नाकारत नाही. पण तुमच्याच कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये फाशीच्या शिक्षा उलटवल्या म्हणून सरन्यायाधीश रोझ बर्डना मतपेटीतून घरी पाठवलं, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोघांना. निकाल आवडला नाही की माणूस काढायचा. अशाने न्याय कसा व्हायचा?

दगडफूल

सगळे जजवर भांडताय आणि यादीतली खरी गडबड कोणी बघत नाही. शाळेच्या बाँडला 'नाही' का? नाना, तुमचं घर कुठल्या सालचं?

नाना_सॅनहोजे

१९९६. त्याचा काय संबंध?

दगडफूल

तोच तर संबंध आहे. मी २०१९ मध्ये सनीवेलला १८ लाख डॉलरला घर घेतलं. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला वीस हजारांच्या वर. शेजारची आजी १९७९ पासून राहते, तिने लाखाला घेतलं असेल, ती भरते अडीच हजाराच्या आसपास. तेच घर, तीच गल्ली, तीच फायर ब्रिगेड. १९७८ च्या प्रॉप १३ ची कृपा : खरेदीच्या किमतीच्या १ टक्का, आणि विकेपर्यंत ती किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही.

माझ्या मुलीच्या वर्गात बादली ठेवतात, छत गळतं म्हणून. बाँडचा बोजा कागदावरच्या किमतीवर पडतो, म्हणजे मी नानांच्या चौपट भरणार. तरी मी हो म्हणतोय! आणि चौथाई भरणारे नाना शंभर घरांना सांगताहेत की नाही म्हणा.

नाना_सॅनहोजे

हिशेब मलाही येतो. मी वर्षाला ४,९०० भरतो, आणि त्याची लाज वाटत नाही. मी घेतलं तेव्हा व्याजदर आठ टक्के होता, बायको दोन नोकऱ्या करत होती. घर आज वीस लाखांचं झालं म्हणजे माझ्या खिशात वीस लाख आले का? मला पेन्शन नाही. १९७८ मध्ये लोकांनी प्रॉप १३ का आणलं? म्हातारी माणसं करापायी घरं गमावत होती म्हणून. ते विसरून आम्हाला चोर ठरवू नका.

बाँडला नाही म्हणालो कारण आधीच्या बाँडचा पैसा कुठे गेला ते कोणी सांगत नाही.

दगडफूल

चोर म्हटलं नाही. पण २०२० मध्ये प्रॉप १५ आलं होतं. घरांना हात लावायचा नव्हता, फक्त मोठ्या धंद्यांच्या जागांना बाजारभावाने कर. त्यातून शाळांना पैसा मिळाला असता. ५२ टक्के मतं विरोधात गेली आणि ते पडलं. तुमच्या त्या वर्षीच्या यादीत काय होतं? 'नाही, आपली घरं जातील.' जुने मेसेज शोधून बघा. कोणाचंही घर जाणार नव्हतं.

आणि तुमची दोन्ही मुलं याच शाळांत शिकली, नाना. तेव्हाचे बाँड कोणी फेडले?

राजगिरा

भाडेकरूंचं काय ते पण बघा. आमच्या दुकानाची जागा मालकाकडे पन्नास वर्षं आहे, तो कर भरतो चिल्लर आणि भाडं घेतो आजच्या भावाने. प्रॉप १३ मला पण नको. (हे मी ग्रुपवर लिहिणार नाही.)

नाना_सॅनहोजे

माझ्या मुलांना मध्ये आणायचं कारण नव्हतं. इतकी वर्षं फुकट काम केलं त्याचं हे फळ. पुढच्या वेळी तुम्ही करा यादी.

सदाफुली

दगडफूल, मुलांचं बोलायला नको होतं. नाना, माफ करा त्यांच्या वतीने.

पण एक सांगते. टपालाने ज्या रंगीत याद्या येतात त्यांत काही नावांपुढे छोटी चांदणी असते. त्याचा अर्थ, त्या उमेदवाराने किंवा प्रपोझिशनवाल्यांनी छापून यायला पैसे दिलेत. कायद्यानेच ती चांदणी छापावी लागते. पैसे घेऊन यादी छापणाऱ्यांनासुद्धा आपला स्वार्थ कागदावर दाखवावा लागतो. नाना पैसे घेत नाहीत, खरं आहे. पण घर १९९६ चं असणं हाही बाँडमधला स्वार्थच झाला, आणि तो वाचणाऱ्याला दिसत नाही. माझा भाऊ मागच्या वर्षी नागरिक झाला. नानांची यादी त्याला वेदवाक्य वाटते. त्याचं घर २०२२ चं आहे.

वैदेही_फ्रीमाँट

मला जे म्हणायचं होतं ते सदाफुलीने नेमकं लिहिलं. नाना, जजच्या नावाबद्दल अजून उत्तर मिळालेलं नाही. कोणाला विचारलंत?

नाना_सॅनहोजे

शेजाऱ्याला. तो निवृत्त पोलीस आहे, चांगला माणूस आहे. म्हणाला याला द्या. मी स्वतः उमेदवाराला भेटलेलो नाही. 'ओळखीतले' म्हणजे शेजाऱ्याच्या ओळखीतले.

ती ओळ काढतो. मंडळाचं चिन्हही काढतो, माझ्या नावाने पाठवीन. करसवलतीचं मला माहीत नव्हतं, ते सांगितलंत ते बरं केलंत. बाँडला 'नाही' तसंच राहील.

राजगिरा

ग्रुपवर नवी यादी आली. जजच्या पुढे 'माहिती नाही, स्वतः वाचा किंवा कोरं सोडा'. बाँडच्या पुढे 'नाही (माझं घर १९९६ चं)'.

दगडफूल

४,९०० पण लिहा.