घटस्फोटाच्या अर्जाआधी नोकरी धरावी की थांबावं?

रुजवात
धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. पुण्यात असते, बी.कॉम. आहे, लग्नाआधीपासून अकाउंट्सचं काम करायची. बाळंतपणात नोकरी सोडली त्याला ९ वर्षं झाली. मुलगी आता ८ वर्षांची. नवऱ्याच्या हातात ९५ हजार येतात. अजून एकाच घरात आहेत, पण प्रकरण वकिलापर्यंत गेलंय. घराजवळच्या एका सीएंच्या ऑफिसात तिला २० हजारांवर बोलावलंय. आमचे मामा म्हणतात, पोटगी ठरेपर्यंत घरीच बस, नोकरी धरलीस तर छदाम मिळणार नाही. खरं आहे का? तिचं म्हणणं, अर्धा पगार रोखीत मागितला तर कागदावर कमी दिसेल.

साक्षांकित
मामांचं अर्धंच खरं आहे. पगाराचा हिशेब धरला जातो, त्यामुळे रक्कम थोडी खाली येऊ शकते. पण बायको कमावते एवढ्याच कारणावर पोटगी नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रजनेश वि. नेहा (२०२०) या निकालात स्पष्ट केलंय. सासरी ज्या राहणीमानात होती, ते स्वतःच्या कमाईत निभावतं का, हे पाहतात. २० आणि ९५ मधली तफावत कोणालाही दिसेल. 'निव्वळ पगाराच्या २५ टक्के' हा आकडा २०१७च्या एका निकालातून फिरत आलाय. तो नियम नव्हे.

घरी बसण्यातही धोका आहेच. शिकलेली, अनुभवी बाई मुद्दाम कमावत नाही, हा मुद्दा समोरचा वकील हमखास काढतो आणि काही न्यायालयांनी तो उचलूनही धरलाय. शिवाय पोटगीची रक्कम कायमची नसते. आदेशानंतर तिने नोकरी धरली की नवरा ती कमी करून मागू शकतो. म्हणजे थांबून मिळणार काय, तर फार तर काही महिन्यांची थोडी जास्त रक्कम, आणि तेवढी वाढलेली गॅप!

त्याच निकालात असंही म्हटलंय की मुलांसाठी नोकरी सोडलेली असेल तर त्या वर्षांना महत्त्व द्यायचं, कारण इतक्या खंडानंतर पुन्हा शिरकाव सोपा नसतो. म्हणून जुनं अनुभवपत्र, शेवटची पगारपावती, राजीनाम्याचा मेल आणि मुलीचा जन्मदाखला एकत्र लावा. तारखा शेजारी-शेजारी आल्या की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रोखीचं मात्र साफ नको. दोघांनाही मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात पगार आणि बँक खाती येतात. लपवलेला पगार उघडा पडला तर खोट्या प्रतिज्ञापत्राचं लचांड मागे लागतं, आणि नवऱ्याच्या उत्पन्नाबद्दल ती जे खरं सांगते त्यावरही मग कोणी विश्वास ठेवत नाही. नेमणूकपत्र घ्या, पूर्ण पगार बँकेत घ्या. दावा चालू असताना पगार बदलला तर पुरवणी प्रतिज्ञापत्र द्या. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, तेव्हा अर्ज रेंगाळू देऊ नका.

मुलीचा खर्च वेगळा मागा: फी, स्कूलबस, पाळणाघर. आई नोकरी करते म्हणून ताबा जात नाही. आई ऑफिसात असताना मुलीला कोण बघतं, हे मात्र विचारलं जातं. पाळणाघराच्या पावत्या आईच्या नावाने आणि पैसे आईच्या खात्यातून असलेले बरे.

खतावणी
कामाच्या बाजूने सांगतो. ताईंनी नोकरी सोडली तेव्हा जीएसटी नव्हता (जुलै २०१७ पासून आला), तेव्हा व्हॅट आणि सेवाकराच्या अनुभवावर मुलाखत निभावणार नाही. आधी २बी जुळवणी शिकायची, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी (जीएसटीआर-२बी) आपल्या खरेदीबिलांशी ताडून पाहायची. नवीन माणूस हातातलं खरेदीबिल बघून क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) टाकतो. विकणाऱ्याने स्वतःचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरलेलंच नसतं, बिल २बीमध्ये दिसत नाही आणि ते क्रेडिट मिळत नाही. मग ऑफिस त्या विकणाऱ्याला फोन करत बसतं. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एज्युकेशनल मोड फुकट आहे. महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी घेतो, पण सरावाला पुरतो. एका दुकानाची ५०-६० बिलं घेऊन सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटीसकट (केंद्राचा, राज्याचा आणि आंतरराज्य जीएसटी) एक महिना पूर्ण बसवला की हात मोकळा होतो.

सुट्टीचं आधीच बोलून ठेवा. ७ तारखेला टीडीएस (कापलेला आयकर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १४ ला २बी येतं, २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं विवरणपत्र. या दिवसांत सुट्टी मागितली की सीएंच्या कपाळावर आठी येते, म्हणून शक्य असेल तेव्हा वकिलांना २१ नंतरची तारीख मागायला सांगा. जुलै आणि सप्टेंबर तसेही कठीण.

आणि हो, महाराष्ट्रात २५ हजारांपर्यंतच्या पगारावर बायकांना व्यवसाय कर नाही. २० हजारांतून २०० कापलेले दिसले तर विचारा.

रुजवात
दोघांचेही आभार. आणखी एक घोळ आहे. लग्नात तिचं नावही बदललं होतं. गुणपत्रिका आणि पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. पगारखातं नवऱ्याबरोबरच्या जॉइंट खात्यालाच जोडावं का?

कागदोपत्री
जॉइंट खातं नको. त्यात आलेला पगार तोही काढू शकतो, आणि तिचे पैसे कोणते हे दाखवताना दमछाक होते. दुसऱ्या बँकेत एकटीचं खातं काढा. त्याआधी आधारला कोणाचा मोबाइल जोडलाय ते बघा. नवऱ्याचा असेल तर सगळे ओटीपी त्याच्याकडे जाणार. आधार केंद्रात जाऊन तो बदलायचा, तोही पहिल्याच आठवड्यात.

नावासाठी आता राजपत्राच्या मागे लागू नका. निकालानंतर माहेरचं नाव लावायचं ठरलं तर पुन्हा सगळं करावं लागेल. तोवर विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांमधला दुवा म्हणून चालतो. त्याच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा. ऑफिसात पीएफ असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आधारवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. आधीच्या नोकरीचा यूएएन असेल तर तो माहेरच्या नावाने असणार, तेव्हा नवा काढू देऊ नका, जुन्यातच नावदुरुस्ती करून घ्या. नाहीतर जुना पीएफ एकीकडे आणि नवा दुसरीकडे पडून राहतो.

दागिने, एफडीच्या पावत्या आणि नवऱ्याच्या पगारपावत्यांचे फोटो आत्ताच काढून स्वतःच्या नव्या मेलवर पाठवून ठेवा. घर सोडल्यावर ते कपाट उघडायला मिळेलच असं नाही.