वारशात आलेलं मँटल घड्याळ: किंमत कशी काढावी?

शेवंती (म्हापसा): मामांच्या घरचं लाकडी मँटल घड्याळ (टेबलावर, फळीवर ठेवायचं) वाटणीत आलंय. तबकडीवर चावीची तीन भोकं, मागच्या पितळी पत्र्यावर आठ टोकांचा तारा. बंद आहे. इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या मालमत्ता-यादीत, किंमत लिहायची आहे. आधी दुरुस्त करून घेऊ का? कोणाला दाखवू?

सागवानी: दुरुस्ती, पॉलिश काहीही आधी नको. पितळ घासून चकचकीत केलं, पेटीला नवं व्हार्निश मारलं की जाणकार गिऱ्हाईक किंमत पाडतं. आठ टोकांच्या ताऱ्यात ‘जे’ असेल तर ती जर्मनीच्या युंगहान्सची खूण, १८९० पासूनची. शेजारी अक्षर नि दोन आकडे असतील तर ते बहुधा वर्षाचे. नुसतं ‘जर्मनी’ की ‘वेस्ट जर्मनी’ तेही बघा. दुसरं असेल तर घड्याळ १९४९ नंतरचं.

तीन भोकं म्हणजे मधलं चालीचं, डावं तासाच्या टोल्यांचं, उजवं पाव तासाच्या सुरावटीचं. यंत्र बसवलेल्या फळीवर रिकामी स्क्रूची भोकं दिसली तर यंत्र दुसऱ्या पेटीतलं असण्याची शक्यता आहे. मग किंमत बरीच उतरते. आणि मूळ असलं तरी अशी जर्मन लाकडी घड्याळं मुबलक आहेत, फार मोठा आकडा मनात धरू नका.

टोला: ‘चावी जास्त दिली म्हणून अडकलं’ असं कोणी म्हणालं तर तिथून परत या. स्प्रिंग पूर्ण भरल्याने घड्याळ बंद पडत नाही. तेल चिकट होतं, पिव्हटची (चाकांच्या आसांची टोकं) भोकं झिजून लंबगोल होतात, म्हणून पडतं. भोकांभोवती काळं तेल साचलेलं दिसेल. तिथे नवे बुश (भोकात बसणारी बारीक नळकांडी) बसवावे लागतात, नुसता तेलाचा फवारा मारणं ही दुरुस्ती नव्हे. पणजी-मडगावात घड्याळजीला एवढंच विचारा: यंत्र पूर्ण खोलून धुणार का, आणि खोलण्याआधी स्प्रिंगचा ताण उतरवणार का? भरलेली स्प्रिंग सुटली तर दाते मोडतात, बोटंही.

सुरावटीच्या दांड्या (ज्यांवर आतले हातोडे आपटतात त्या) हाताने हळूच वाजवून बघा. एखादी थबकल्यासारखी वाजली तर ती तडकलेली. दांडीचा सूर तिच्या लांबीवर असतो, जोडीची मिळणं कठीण.

सागवानी: आणि पावसाळ्यात व्हिनियर (पेटीवरचा लाकडाचा पातळ थर) सुटलं असेल तर फेव्हिकॉल लावू नका. जुना जोड सरसाचा असतो, ओलीने सुटतो, पण सरसानेच पुन्हा बसतो. फेव्हिकॉल नंतर स्वच्छ निघत नाही. किंमत लिहिताना जाहिरातीतला भाव धरू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्याचा धरा. वारसांत बोली लागली तर फुगवलेला आकडाच भांडणाचं मूळ होतो.

शेवंती: भाऊ ते लिस्बनला न्यायचं म्हणतोय.

टोला: तर वर्ष आधी पक्कं करा. १०० वर्षं पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवं ठरलं तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्या. नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळा, हातोड्यांखाली मऊ कापड सरकवा.