ब्रेक्झिटला मत दिलं होतं, आजही देईन

उंबरठा

ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, कौल दिला त्याला दहाएक वर्षं झाली, तरी विषय निघाला की आपल्या लोकांचं एकच पालुपद: थापांना भुललेल्या म्हाताऱ्यांनी तरुणांचं वाटोळं केलं. मी म्हातारा नव्हतो. बत्तीस वर्षांचा होतो, लंडनजवळ स्लाउमध्ये आयटीत होतो, खिशात भारतीय पासपोर्ट आणि कामाचा व्हिसा. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून मला मताचा हक्क होता. २३ जून २०१६ ला, सार्वमताच्या दिवशी, भर पावसात गेलो आणि 'बाहेर पडा'वर फुली मारून आलो.

कारण सांगतो. निव्वळ स्थलांतर (येणारे वजा जाणारे) वर्षाला एक लाखाच्या आत आणतो, असं तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन सांगून बसले होते. संघाच्या नियमांमुळे युरोपातून येणाऱ्यांना अडवता येईना, मग सगळा वरवंटा आपल्यावर. २०१२ च्या एप्रिलात शिक्षणानंतरचा कामाचा व्हिसा बंद. त्याच वर्षी, इथे स्थायिक झालेल्याला गावाकडची बायको आणायची तर वर्षाला १८,६०० पौंड कमाईची अट. २०१५ पासून व्हिसावाल्यांना सरकारी आरोग्यसेवेसाठी आरोग्य अधिभार. शेजारच्या टेबलावरचा पोलिश सहकारी मात्र बायकोला विमानतळावरून थेट घरी घेऊन आला. त्याच्यावर राग नाही, चांगला माणूस. पण एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा?

आणि हापूस विसरलात? १ मे २०१४ ला, ऐन हंगामात, ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, आपला आंबा बंद केला. जाब विचारायचा कुणाला?

हिशेबनीस

हापूसपासूनच सुरुवात करू. बंदी एकट्या आंब्यावर नव्हती. कारली, वांगी, पडवळ आणि अळूही होतं. आदल्या वर्षी आपल्याकडून गेलेल्या मालात २०७ वेळा फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या होत्या. ब्रिटनच्या स्वतःच्या खात्याने बंदीची पाठराखण केली, कारण त्यांना इथल्या टोमॅटो-काकडीच्या हरितगृहांची धास्ती होती. आपल्याकडची तपासणी सुधारली आणि जानेवारी २०१५ ला आंबा मोकळा झाला. यात ब्रसेल्सचा जुलूम कुठे दिसला?

आता अधिभार. तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता. बाहेर पडल्यावर कमी झाला म्हणता? २०२४ पासून १,०३५ आहे. कुशल कामगाराच्या व्हिसाला आता ४१,७०० पौंड पगार लागतो. तुमच्यावरचा वरवंटा उचलला नाही, तो रुंद केला.

संघाला जातात म्हणून 'बाहेर पडा'वाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड तर प्रसिद्धच आहेत. पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली वर्गणीतली सूट त्यातून वजाच केली नव्हती. म्हणजे त्यातला जो भाग कधी दिलाच नाही, तोही वाचणार होता. सरकारच्याच अंदाजपत्रकीय संस्थेचं म्हणणं असं, की संघात राहिलो असतो त्या मानाने उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील.

माझ्या घरचं सांगतो. बहीण डॉर्टमुंडला असते. २०१९ पर्यंत दिवाळीचं खोकं इथून चार दिवसांत पोचायचं. नियम बदलल्यावर पहिल्या दिवाळीला नेहमीसारखे पेढे भरले. दुधाचा पदार्थ टपालाने पाठवता येत नाही, हे गावीच नव्हतं. तीन आठवड्यांनी खोकं परत. वर जर्मन चिठ्ठी, आत चकल्यांचा भुगा आणि पेढ्यांवर बुरशी.

पाव_किलो

अवांतर: चकल्यांच्या मध्ये कुरमुरे भरायचे. अमेरिकेपर्यंत अख्ख्या जातात. चालू द्या.

तिरकस

हिशेबनीस, तुमची वजाबाकी बरोबर असेलही. पण माणसं वजाबाकीसाठी उठून मतदानाला जात नाहीत. ७२ टक्के लोक गेले होते.

या संघाची खोड बघा. डेन्मार्क १९९२ ला संघ घडवणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराला 'नको' म्हणाला, १९९३ ला पुन्हा विचारलं. आयर्लंड २००८ ला लिस्बन कराराला 'नको' म्हणाला, २००९ ला पुन्हा विचारलं. फ्रान्स आणि नेदरलँड्सने २००५ ला युरोपची राज्यघटना फेटाळली, तर तोच ऐवज वेष्टण बदलून लिस्बन करार म्हणून आला आणि या वेळी त्यांना विचारलंच नाही. ग्रीसने जुलै २०१५ मध्ये ६१ टक्क्यांनी कर्जाच्या अटी नाकारल्या, पंधरवड्याच्या आत त्याहून कडक अटी गळ्यात पडल्या. मुलगी 'नको' म्हणाली की 'लाजतेय' म्हणायचं आणि मुहूर्त धरायचा, त्यातला प्रकार.

साळावलीपार

उंबरठा, मी स्विंडनमध्ये राहतो. बाबांचा जन्म १९५३ चा, तेव्हा गोव्यात पोर्तुगालचा अंमल. त्या आधारावर लिस्बनला त्यांची आणि मग माझी जन्मनोंद झाली, पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला, भारतीय पासपोर्ट परत केला आणि २०१३ ला इथे आलो. इथे आमच्या गोंयकारांची बरीच घरं आहेत, बहुतेक सगळे गोदामांत कामाला.

२०१६ ला स्टेशनजवळच्या घरात आम्ही पाचजण होतो. चौघे माझ्यासारखे पोर्तुगीज पासपोर्टवाले, पाचवा सावंतवाडीचा, भारतीय पासपोर्टवर कंपनीने पाठवलेला, येऊन आठ महिने झालेले. पायपुसण्यावर मतदानाचं एकच कार्ड पडलं होतं. त्याच्या नावाचं. संघातल्या देशांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसच्या लोकांना मत होतं. तीन वर्षं रात्रपाळी करून कर भरणाऱ्या मला नाही. मीच ते उचलून त्याच्या दारावर टकटक केली.

पुढे ३० जून २०२१ च्या आत राहण्याचा हक्क मागणारा अर्ज करायचा होता. बाबांचा चेहरा फोनवर स्कॅन होईना. खिडकीपाशी नेलं, चष्मा काढला, भिंतीवरचा क्रॉस मागे दिसतो म्हणून खुर्ची हलवली. शेवटी सहाव्यांदा झाला. स्वतःच्या घरात बसून राहायची परवानगी मागत होतो.

तुमच्या व्हिसाच्या रांगेचा राग खरा आहे. पण रांग लावणारा होता लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत, व्हाइटहॉलमध्ये, आणि दार लागलं माझं.

उंबरठा

साळावलीपार, तुम्हाला मत नव्हतं हे चूकच होतं. मनापासून लिहितो.

पण मूळ मुद्दा तसाच राहतो. हिशेबनीस म्हणतात वरवंटा रुंद झाला. झाला, आणि वर निव्वळ स्थलांतरही नऊ लाखांच्या पुढे गेलं. पण त्याचा धनी कोण, हे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांनी केलं त्यांना जुलै २०२४ मध्ये लोकांनी घरी बसवलं. पूर्वी दोष ढकलायला ब्रसेल्स होतं, आता नाही. मला हेच हवं होतं.

भारताचंच घ्या. युरोपशी व्यापार कराराची बोलणी २००७ ला सुरू झाली आणि २०१३ ला थंडावली. एकट्या ब्रिटनशी २०२२ ला सुरू झाली आणि २४ जुलै २०२५ ला सह्यासुद्धा झाल्या.

हिशेबनीस

तिरकस, डेन्मार्कला दुसऱ्यांदा विचारलं ते सवलती देऊन. आजही त्यांचा क्रोनच चालतो. ग्रीस अडकला तो युरो चलनामुळे. ब्रिटनकडे स्वतःचा पौंड होता, शेंगेनची, म्हणजे सीमेवरची तपासणी सोडायची, सक्ती नव्हती, वर्गणीत सूट होती. पंगतीत बसून पाहिजे तेवढंच वाढून घेणारा हा एकच पाहुणा, आणि तोच ताट लाथाडून उठला.

आणि 'नको'चा एवढा मान ठेवायचा तर स्कॉटलंड ६२ टक्क्यांनी 'राहू' म्हणाला होता, उत्तर आयर्लंड जवळपास ५६. आयर्लंड देश संघातच राहिला, पण उत्तर आयर्लंडसाठीच्या १९९८ च्या शांतता करारामुळे आयर्लंडच्या बेटावर चौक्या उभारता येईनात, म्हणून तपासणी समुद्रावर नेली. लिव्हरपूलहून बेलफास्टला, म्हणजे आपल्याच देशात, माल न्यायला कागद! २०२३ ला त्यात डागडुजी झाली, मिटलं नाही.

उंबरठा, तुमचा जाब विचारण्याचा मुद्दा मला पटतो, इथल्या सगळ्यांत तोच भक्कम आहे. पण १९ मे २०२५ ला काय ठरलं? युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारी, आणि अन्नपदार्थांची ये-जा सोपी व्हावी म्हणून त्यांचेच नियम पाळायची तयारी. नियम त्यांचे, पाळायचे आपण, आणि ठरताना आपण खोलीत नाही. याचा जाब कुणाला विचारणार?

तिरकस

सही करणाऱ्याला. लंडनमध्येच बसतो तो.

उंबरठा

उत्तर आयर्लंडबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. २०१६ ला त्याचा विचारही केला नव्हता. स्लाउमध्ये कुणी करत होतं, असं आठवत नाही.

साळावलीपार, तुमचा तो सावंतवाडीचा मित्र कशावर फुली मारून आला?

साळावलीपार

'राहू'वर मारतो म्हणून गेला. आत काय केलं, त्याचं त्याला ठाऊक. २०१९ ला बढती घेऊन तो पुण्याला परत गेला. मी अजून त्याच रस्त्यावर आहे, तीन घरं सोडून.